बँकेचा फोन आलाय? आधी ठेवा, मग बोलू

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत मी काउंटरवर बसते. पासबुक भरून देणं, केवायसी, एटीएम कार्ड, पेन्शनरांचे हयातीचे दाखले अशी किरकोळ समजली जाणारी कामं माझ्याकडे. फसवणुकीचे फोन आलेली माणसं त्यामुळे माझ्यासमोरच येऊन बसतात. कुणी फोन चालू असतानाच येतं, कुणी पैसे गेल्यावर. पहिल्यासाठी बरंच करता येतं, दुसऱ्यासाठी फारच थोडं. पहिल्यांची संख्या वाढावी एवढ्याचसाठी हे लिहायला घेतलंय.

'ओटीपी कुणाला सांगू नका' हे आता सगळ्यांना पाठ आहे. मध्यंतरी फोन लावला की रिंगच्या आधी तेच ऐकू यायचं, एटीएमच्या भिंतीवरही तेच. आमच्याकडे येणाऱ्या, सही ऐवजी अंगठा उठवणाऱ्या आज्जींनाही ते तोंडपाठ आहे. तरी माणसं फसतात, कारण हल्लीच्या निम्म्या प्रकारांत कुणी ओटीपी मागतच नाही. ओटीपी मिळवायच्या त्यांच्या दहा वाटा आहेत. त्यांना तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते: तुम्ही फोनवर राहायला हवं. बोलणं चालू आहे तोवर तुम्ही विचार करत नाही, मुलाला विचारत नाही, शाखेत येत नाही. आणि आपल्याकडे समोरचा बोलत असताना मधेच फोन ठेवणं उद्धटपणाचं समजतात. त्यातून तो 'सर, सर' करत असेल तर विचारूच नका.

म्हणून माझा सल्ला ओटीपीपाशी नाही, त्याच्या बराच आधी सुरू होतो. बँकेच्या नावानं फोन आला की एवढंच म्हणायचं: "मी शाखेत येऊन बोलतो." किंवा बोलते. आणि ठेवून द्यायचा. वाद घालायचा नाही, त्याची परीक्षा घ्यायची नाही, 'तू चोर आहेस' म्हणून सुनवायचंही नाही. हे वाक्य सभ्य आहे, खरं आहे, आणि खऱ्या बँकवाल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. मी स्वतः ग्राहकांना फोन करते तेव्हा कुणी असं म्हणालं तर मी "बरं, या" म्हणते. खोटा माणूस मात्र या वाक्यावर हमखास बिथरतो. "सर, शाखेत जाऊन काही होणार नाही", "आज रात्री बारापर्यंतच मुदत आहे", "ब्रँचला आता हे काम बंद केलंय". शाखेत येऊ नका असं सांगणारी बँक मी अजून पाहिलेली नाही.

फोन ठेवल्यावर खरंच शंका असेल तर आपण फोन लावायचा. नंबर कुठला? एटीएम कार्डाच्या मागे छापलेला किंवा पासबुकावरचा. आलेल्या नंबरावर उलट फोन लावून काही सिद्ध होत नाही. आणि गुगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' असं शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवणं तर सगळ्यात वाईट, कारण तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. लोक स्वतःच्या हातानं चोराला फोन लावतात आणि मग "मीच तर लावला होता, म्हणजे खराच असणार" असं समजतात.

नोव्हेंबरातला एक फोन

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. ऐंशीच्या पुढच्या सरकारी पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाकीचे नोव्हेंबरात येतात आणि शाखेत बसायला बाक उरत नाही. फोन करणाऱ्यांनाही हे कॅलेंडर आपल्याइतकंच माहीत असतं. उसाची बिलं जमा होण्याचे दिवस, पीएम किसानचा हप्ता, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, रिटर्न भरायची तारीख. ज्या महिन्यात आपल्याला बँकेकडून काहीतरी अपेक्षित असतं, त्या महिन्यात तोच विषय घेऊन फोन येतो.

तर असेच एक निवृत्त मास्तर कानाला फोन लावूनच काउंटरपाशी आले. मी दाखल्याचं विचारलं तर हातानं थांबवून म्हणाले, "एक मिनिट मॅडम, बँकेतूनच फोन आहे."

"कुठल्या बँकेतून?"

"अहो, आपल्याच."

मी काचेच्या या बाजूला, ते त्या बाजूला, आणि आमची बँक त्यांच्या कानाशी. स्पीकर चालू करा अशी मी खूण केली. पलीकडचा मुलगा हिंदी-मराठी मिसळून बोलत होता. आवाज शांत, घाई अजिबात नाही. मास्तरांचं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, पेन्शन कुठल्या खात्यात येते हे सगळं त्याला माहीत होतं. मास्तरांचा विश्वास बसला तो तिथेच. ही माहिती कुठून जाते? अर्जांच्या झेरॉक्स, लकी ड्रॉचे फॉर्म, लोनच्या फुकट्या ॲपना दिलेल्या परवानग्या, कुठल्यातरी कंपनीचा फुटलेला डेटा. ती विकत मिळते. तेव्हा समोरच्याला आपलं नाव-गाव माहीत आहे याचा अर्थ त्याच्याकडे यादी आहे, इतकाच.

"सर, आपका जीवन प्रमाण पेंडिंग है. पेन्शन थांबेल. आत्ता कुठं आहात आपण?"

"बँकेत."

क्षणभर गप्प. मग, "सर, ब्रँचमध्ये होणार नाही, ब्रँचचा सर्व्हर डाउन आहे. जरा बाहेर या, बाजूला. गोपनीय माहिती आहे, आजूबाजूला कोणी ऐकायला नको." माझ्या शेजारी पासबुकाचं प्रिंटर मशीन खडखडत होतं. सर्व्हर व्यवस्थित चालू होता.

मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे मोठ्या अक्षरात 'फोन ठेवा' असं लिहून काचेखालून सरकवलं. मास्तरांनी वाचलं, फोनवर हात धरला आणि हळूच म्हणाले, "अहो, तो बोलतोय ना. असा कसा ठेवू?" इतकी वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, हिशेबाला पक्का, आणि अडलं होतं ते शिष्टाचारापाशी. शेवटी मीच फोन मागून घेतला आणि म्हटलं, "मी याच शाखेतून बोलते, बोला." त्यानं एक शिवी दिली आणि बंद केला. लगेच दुसऱ्या नंबरवरून पुन्हा रिंग. मग आणखी एका. ब्लॉक करून टाकले.

व्हॉट्सॲप उघडून बघितलं तर त्यानं आधीच एक फाइल पाठवलेली होती. बँकेचा लोगो, नावात 'लाइफ सर्टिफिकेट', आणि शेवटी 'डॉट एपीके'. मास्तरांनी ती डाउनलोड केली होती, पण फोननं 'अनोळखी ॲप, इन्स्टॉल करायचं का' असं विचारल्यावर काय करावं ते न कळल्यामुळे तशीच ठेवली होती. तेवढ्यावर निभावलं.

एपीके म्हणजे नक्की काय होतं

यावर जरा थांबते, कारण सध्या सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं. ॲप प्ले स्टोअरमधून न घेता थेट फाइल म्हणून पाठवलं, तर त्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. नावं बदलतात: 'केवायसी अपडेट', 'आरटीओ चलान', 'पीएम किसान', 'क्रेडिट कार्ड रिवॉर्ड', कधी चक्क 'लग्नपत्रिका'. आत एकच काम असतं. इन्स्टॉल करताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण 'अलाऊ' दाबतो, आणि तिथून पुढे येणारा प्रत्येक ओटीपी आपोआप त्यांच्याकडे जातो. तुम्ही तोंडातून अक्षर न काढता. म्हणून पैसे गेल्यावर माणूस शपथेवर सांगतो, "मॅडम, मी ओटीपी दिलेलाच नाही." तो खरंच बोलत असतो.

फाइल बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरावरून येते, हे त्यातलं आणखी एक दुखणं. ज्याचा फोन आधी ताब्यात गेला, त्याच्या सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या ग्रुपवर ती पुढे जाते. म्हणून 'पाठवलं कुणी' हे बघू नका, 'काय पाठवलंय' ते बघा. कुठलीही बँक व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही.

चुकून इन्स्टॉल झालंच तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद आहे याची खात्री करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं थांबवायला सांगा. ॲप काढून टाकता येत असेल तर काढा. काही ॲप स्वतःला लपवतात किंवा निघतच नाहीत, तेव्हा फोटोंची काळजी सोडून फोन फॅक्टरी रिसेट करायचा, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यासारखा करायचा. आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्याच फोनवरून नाही.

याचंच भावंड म्हणजे स्क्रीन दाखवणारी ॲप. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही ॲप मुळात चांगल्या कामाची आहेत, कंपन्यांतले कॉम्प्युटरवाले वापरतात. पण बँकेच्या नावानं बोलणारा माणूस ते घ्यायला लावतो तेव्हा तुमच्या फोनचा पडदा त्याच्यासमोर उघडा पडतो. रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्कबद्दल २०१९ मध्येच इशारा दिला होता. आता व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्येच स्क्रीन शेअर करता येते, त्यामुळे वेगळं ॲपही लागत नाही. "मदत करतो, स्क्रीन दाखवा" म्हटलं की ठेवा.

मेसेज कसा वाचायचा

बँकेचे मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं असतात: सुरुवातीला दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग बँकेचं छोटं नाव. मे २०२५ पासून त्याच्या शेवटी आणखी एक अक्षर लागतं. टी म्हणजे व्यवहाराचा मेसेज (ओटीपी यात येतो), एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकारी. 'आपलं खातं आज बंद होईल, पॅन अपडेट करा' असा मेसेज साध्या मोबाइल नंबरावरून आला असेल तर पुढे वाचूच नका.

लिंक असेल तर शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना आपापल्या वेबसाइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितल्या, आणि हा पत्ता बँकांशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पण नजर चुकवायची युक्ती इथेही आहे. पत्त्याच्या मधे कुठेतरी 'बँक डॉट इन' असतं आणि त्यापुढे आणखी एक 'डॉट अमुक डॉट कॉम' लावलेलं असतं. सुरुवातीचं 'https://' सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे तेच खरं घर, बाकी सगळी पाटी. हे बघायचा कंटाळा येत असेल तर सरळ मार्ग: मेसेजमधली लिंक कधीच दाबायची नाही, बँकेचं ॲप आपणच उघडायचं. खरं काम असेल तर ते तिथेही दिसतं.

केवायसीच्या धमकीबद्दल काउंटरवरून सांगते, कारण ते काम माझंच आहे. केवायसी नव्यानं करायची मुदत जास्त जोखमीच्या ग्राहकाला दोन वर्षं, मध्यम जोखमीच्या आठ आणि कमी जोखमीच्या दहा वर्षं असते. पेन्शनर, शेतकरी, नोकरदार बहुतेक शेवटच्या गटात. काही बदललं नसेल तर 'माझ्या माहितीत बदल नाही' एवढं सही करून दिलं तरी चालतं. आणि मुदतीआधी बँकेनं निदान तीनदा कळवायचं, त्यातलं एक तरी पत्रानं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२५ चा नियम आहे. एका मेसेजवर रात्री बारा वाजता कुणाचं खातं बंद होत नसतं. आम्हाला तेवढा उरकही नाही.

ओटीपीचा मेसेज आला तर आकडा नाही, आधी वरचं वाक्य वाचायची सवय लावा. त्यात रक्कम आणि कारण लिहिलेलं असतं. फोनवरचा म्हणत असतो 'हा कार्ड ब्लॉक करायचा कोड', आणि मेसेजमध्ये ४९,९९९ रुपयांची खरेदी. लोक घाईत फक्त सहा आकडे बघतात.

फोनचे नंबर, आणि काही डाव

बँकांनी सेवेचे आणि व्यवहाराचे फोन १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून आणि जाहिरातीचे १४० नं सुरू होणाऱ्यांवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. चांगली सोय आहे. दहा आकडी मोबाइलवरून 'हेड ऑफिसमधून बोलतोय' म्हणणाऱ्याला त्यामुळे सरळ उडवता येतं. अर्थात आमच्यासारख्या शाखेतून कधी साध्या फोनवरूनही ग्राहकाला बोलावणं जातं, पण ते 'येऊन जा' एवढंच. आणि १६०० वाल्यालाही पिन, सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा गुप्त आकडा), ओटीपी सांगायचा नसतोच. ट्रूकॉलरवर दिसणारं 'अमुक बँक, मुंबई' हे नाव तर कुणीही लावून घेऊ शकतं.

यूपीआयचं एक कायमचं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. 'कॅशबॅक मंजूर झालाय, पिन टाका' हा जुना डाव. एकानं दुसऱ्याला पैशाची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआर पाठवून 'स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' हे चालूच आहे.

'चुकून तुमच्या खात्यात पन्नास हजार गेले, पाचच हजार पाठवायचे होते, आई दवाखान्यात आहे हो' हा त्यातला रडका प्रकार. सोबत हुबेहूब बँकेसारखा मेसेज येतो, साध्या नंबरावरून. इथे शिल्लक ॲपमध्ये बघायची, मेसेजमध्ये नाही. खरंच आले असले तरी आपण परत पाठवायचे नाहीत; शाखेला कळवायचं, बँक ते उलट फिरवते. ते पैसे दुसऱ्या कुणाचे तरी चोरलेले असले तर तुमचं खातंही गोत्यात येतं.

कॉल मर्ज करायला, म्हणजे दोन फोन एकत्र जोडायला लावणारे वेगळे. "तुमचा नंबर अमक्यानं दिला, तोच दुसऱ्या लाइनवर आहे, मर्ज करा." दुसऱ्या लाइनवर ओळखीचा नसतो, आवाजातून ओटीपी सांगणारा यंत्राचा फोन असतो, आणि मर्ज केल्यावर तो दोघांनाही ऐकू जातो. तसंच स्टार २१ स्टार आणि पुढे एक नंबर असं काही डायल करायला कुणी सांगितलं तर तुमचे फोन त्या नंबरावर वळतात. शंका आली तर *#२१# डायल करून बघता येतं, ##००२# नं सगळं वळवणं रद्द होतं. आणि फोनचं नेटवर्क अचानक गेलं, शेजारच्याचं तेच सिम चालू आहे, तर रेंज नाही म्हणून गप्प बसू नका. तुमच्या नावाचं दुसरं सिम किंवा ई-सिम निघालेलं असू शकतं. कंपनीच्या दुकानात जा, त्याआधी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

बँकेच्या नावानं सुरू झालेला फोन पुढे 'पोलिसां'कडे वळवतात, तो प्रकार मला सगळ्यात जड जातो. 'तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, पैसे तपासणीसाठी सुरक्षित खात्यात टाका.' अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून सांगितलं तेही हेच. पण घाबरलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. मुदत ठेव मोडायला आलेल्या एका बाईंना मी विचारलं, "एवढे कशाला लागले?" तर लगेच उत्तर, "पुण्यात फ्लॅट घेतोय." फार लगेच. पर्समधला फोन चालू होता, पलीकडून सगळं ऐकलं जात होतं आणि उत्तरही तिकडूनच शिकवून पाठवलेलं. त्यांना आत मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये नेलं, फोन बाहेर माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, तेव्हा त्या रडायला लागल्या. म्हणून आम्ही जरा जास्त चौकशी केली तर रागावू नका. आणि 'सुरक्षित खातं' नावाचं काही नसतं. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस, एनईएफटी करतानाही ज्याला पाठवताय त्याचं नाव बघता येतं. रिझर्व्ह बँकेचं म्हणून दिलेलं खातं कुणा भलत्याच ट्रेडर्सचं निघतं.

आधी करून ठेवायची कामं

ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगला जा आणि परदेशातले व्यवहार, लागत नसतील तर ऑनलाइन व्यवहारही बंद करून ठेवा. ही सोय २०२० पासून प्रत्येक बँकेनं द्यायचीच आहे. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. यूपीआयला जोडलेल्या खात्यात किराणा-दूध-भाजीपुरते पैसे ठेवा, पेन्शनचं किंवा ठेवींचं खातं त्याला जोडूच नका. एवढं एक केलं तरी मोठा घाव बसत नाही.

घरातल्या वयस्कर माणसांना सांगताना 'तुम्हाला कळत नाही' या सुरात सांगू नका. त्यांना ते वाक्य द्या: "मी शाखेत येऊन बोलते." कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, खाली बँकेचा खरा नंबर लिहून, फोन चार्जिंगला लावतात तिथे चिकटवा. परगावी, परदेशी असलेली मुलं मला फोन करून विचारतात की आईचं नेट बँकिंग बंद करता येईल का. येतं. पण त्याआधी आईला विचारा.

पैसे गेले तर

१९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर, दिवसरात्र चालतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळत असतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघतात. ते निघायच्या आत १९३० वरून त्या त्या बँकेला रोखायला सांगितलं जातं. म्हणून आधी नवऱ्याला सांगू का, मुलगा संध्याकाळी येईल मग बघू, असं करत बसू नका. हाताशी खातं क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा नंबर ठेवा. सगळं नसलं तरी फोन करा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर भरा.

त्याच वेळी दुसऱ्यानं बँकेला फोन लावायचा. तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा, आणि शाखा उघडली की लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ही पोच का महत्त्वाची ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा: चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्या कुणाची आहे, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतच. पुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. तुम्हीच ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. म्हणजे ओटीपी देऊन बसलेल्या माणसालाही लगेच कळवण्यात फायदा आहे. 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसलेले लोक बघते तेव्हा मला चिडायला होतं.

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. चौकशीचा नंबर १४४४८. त्यासाठीही आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीची पोच लागते. नुसता फोन आला, मेसेज आला, पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' मध्ये तो नंबर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे. तिथेच आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं, तेवढं एकदा बघून घ्या.

रोखलेले पैसे लगेच खात्यात येत नाहीत. कागदपत्रं लागतात, पुष्कळदा कोर्टाचा आदेश लागतो, महिने जातात. आणि नेमक्या याच काळात दुसरा फोन येतो: "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी भरा." पहिल्या टोळीनंच आपली यादी पुढे विकलेली असते, कारण एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळण्याच्या आशेवर असतो. पैसे परत द्यायला पोलीस फी घेत नाहीत, बँक घेत नाही, लोकपाल घेत नाही. असा फोन आला तर तो नंबर तपास अधिकाऱ्याला द्या, तुमच्या जुन्या तक्रारीतच तो जोडला जाईल.